मारामारीचा हिशेब

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वसलेले आहेत. पूर्वेस घाटमाथ्याची उभी भिंत आणि पश्चिमेस कोकणाचा सखल प्रदेश, यांच्यामध्ये भातशेतीची, ओढ्यानाल्यांची आणि रानाची ही पट्टी पसरली आहे. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या अनेक जुन्या वाटा याच भूमीत येऊन मिळतात. खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या खोऱ्यात, उंबरखिंड नावाची जी अरुंद वाट आहे, ती त्यांपैकीच एक होय.

इ. स. १६६० मध्ये मोगलांचा सुभेदार शाहिस्तेखान पुण्यास तळ देऊन बसला होता. पुढच्या वर्षाच्या आरंभी त्याने कोकणचा मुलूख हस्तगत करण्यासाठी कारतलबखान नावाच्या सरदारास मोठे सैन्य देऊन रवाना केले. माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागन ही शूर स्त्रीही त्या सैन्यात होती. खान लोहगडाजवळून पुढे सरकला, घाट उतरला आणि उंबरखिंडीच्या दाट रानात शिरला. वाटेत त्याला कोणी अडविले नाही. सैन्य पुढे पुढे जात होते, आणि पुढे पडणारे प्रत्येक पाऊल खानास लाभाचेच वाटत होते. परंतु खिंडीच्या दोन्ही अंगांस शिवाजी महाराजांचे मावळे आधीच दबा धरून बसले होते. फेब्रुवारीच्या प्रारंभी सैन्य खिंडीच्या मध्यावर येताच पुढची वाट बंद झाली, मागचीही बंद झाली, आणि दोन्ही बाजूंनी मारा सुरू झाला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात असे वर्णन आहे की, तेव्हा रायबागनने खानास शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने तो मानला, दूत पाठविला आणि जवळचे द्रव्य देऊन सैन्याचे प्राण वाचविले. महाराजांनीही खंडणी घेऊन त्याला परत जाऊ दिले.

या प्रसंगात विचार करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, पुढे टाकलेले पाऊल लाभाचे की हानीचे, हे त्या एका पावलावरून कळत नाही. त्या पावलाला शत्रू काय उत्तर देईल, त्या उत्तराला आपले उत्तर काय असेल, आणि हे सारे शांत झाल्यावर कोणाच्या पदरी काय उरेल, यावर त्याचा लाभ अवलंबून असतो. दुसरी गोष्ट अशी की, अशा मालिकेत कोठे थांबावे हे ठरविण्याचा अधिकार दोन्ही पक्षांना असतो. लढत राहिल्यास अधिक हानी होईल हे ओळखून खान थांबला. मिळालेला विजय पुरेसा आहे हे ओळखून महाराजही थांबले. पुढील लाभ-हानीचा विचार आणि योग्य जागी थांबण्याचा निर्णय, या दोहोंवरच अशा प्रसंगाचा निकाल लागतो.

नेमका हाच प्रश्न बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक डावात उभा राहतो. समोरचा मोहरा मारता येतो. पण तो मारावा काय? माणसाने या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके अनुभवाने आणि अंतःप्रेरणेने दिले. विसाव्या शतकात जेव्हा गणकयंत्राला, म्हणजेच संगणकाला, बुद्धिबळ शिकविण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हा मात्र हे उत्तर अंकांच्या भाषेत मांडावे लागले. यंत्राला अनुभव नसतो आणि मोहही नसतो. त्याला केवळ हिशेब समजतो. तो हिशेब कसा मांडला गेला, हे जाणून घेणे मोठे उद्बोधक आहे.

प्रथम मोहऱ्यांची किंमत ठरविणे अवश्य होते. प्यादे हे मूल्याचे एकक धरले, तर घोडा आणि उंट प्रत्येकी सुमारे तीन प्याद्यांच्या तोडीचे, हत्ती पाच प्याद्यांच्या तोडीचा आणि वजीर नऊ प्याद्यांच्या तोडीचा, असा ठोकताळा खेळाडूंमध्ये फार पूर्वीपासून रूढ आहे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन याने १९५० मध्ये संगणकाकडून बुद्धिबळ कसे खेळवून घ्यावे, यासंबंधी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने हीच मूल्ये घेतली. राजा गेला की डावच संपतो. म्हणून राजास त्याने २०० एवढे मोठे मूल्य दिले. दोन्ही बाजूंच्या मोहऱ्यांच्या मूल्यांची बेरीज करून एकीतून दुसरी वजा केली की, कोणाचे पारडे जड आहे याचा ढोबळ अंदाज येतो. त्यात मोहऱ्यांच्या हालचालीचे स्वातंत्र्य, प्याद्यांची रचना इत्यादी गोष्टींचे मूल्यही शॅननने मिळविले होते.

दुसरे काम पुढच्या चाली पाहण्याचे. बुद्धिबळातील सर्वसाधारण स्थितीत खेळणाऱ्यास सुमारे तीस वेगवेगळ्या चाली उपलब्ध असतात. त्यांतील प्रत्येकीला प्रतिपक्षाची सुमारे तीस उत्तरे असतात. म्हणजे दोघांच्या एकेका चालीनंतर ९०० स्थिती तपासाव्या लागतात, दोन-दोन चालींनंतर ८ लाख १० हजार, आणि तीन-तीन चालींनंतर ७२ कोटी ९० लाख! यावरून हे उघड होते की, यंत्र कितीही वेगवान असले, तरी त्याला कोठेतरी थांबावेच लागते. जेथे ते थांबेल, तेथे मोहऱ्यांची बेरीज-वजाबाकी करून त्या स्थितीला गुण द्यावयाचे, एवढेच त्याच्या हाती उरते.

परंतु येथेच एक मोठा धोका आहे. समजा, यंत्र ज्या चालीवर थांबले, त्याच चालीत त्याच्या वजिराने प्रतिपक्षाचे एक प्यादे मारले आहे. त्या क्षणी बेरीज केली, तर एका प्याद्याचा नफा दिसतो. पण त्या प्याद्याला दुसऱ्या प्याद्याचा जोर होता! पुढच्याच चालीत नऊ मोलाचा वजीर गमवावा लागणार, हे यंत्राला दिसत नाही. कारण त्याची दृष्टी एक चाल आधीच थांबलेली असते. एखाद्या बाजारात माल घेतला त्या क्षणी वही मिटून ठेवावी, आणि किंमत चुकती करण्याची ओळ लिहूच नये, तसाच हा प्रकार होय. अशा वहीत नेहमीच नफा दिसेल. पण तो खरा नसेल.

हा धोका आद्य संशोधकांच्या तत्काळ ध्यानात आला. इंग्लंडमधील थोर गणितज्ञ ॲलन ट्युरिंग याने १९४८ च्या सुमारास आपला मित्र डेव्हिड चँपरनाउन याच्या साहाय्याने बुद्धिबळाचे नियम यंत्राला समजतील अशा रीतीने कागदावर लिहून काढले. ते चालवू शकेल असे यंत्र त्या वेळी हाती नव्हते. म्हणून १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच यंत्र बनून बसला, आणि कागदावरील नियमांनुसार एकेक चाल हिशेबाने काढून ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी खेळला. तो डाव २९ चालींत ट्युरिंगच्या नियमांनी गमावला. पण त्या नियमांत एक महत्त्वाचे सूत्र होते. साध्या चाली ठरावीक अंतरापर्यंतच पाहाव्यात. मात्र मारामारी चालू असेल तर ती मिटेपर्यंत पुढे पाहत राहावे, असे ते सूत्र होते. मारलेल्या मोहऱ्याची परतफेड, बिनजोर मोहरा मारणे, लहान मोहऱ्याने मोठा मोहरा मारणे, अशा चाली शिल्लक असेपर्यंत हिशेब करावयाचा नाही. त्या संपल्या की जी स्थिती येते, तिला ट्युरिंगने ‘मृत’ स्थिती म्हटले, आणि गुण तेथेच द्यावयाचे असे ठरविले. शॅननच्या निबंधातही हाच विचार आहे: मोहऱ्यांची बेरीज ही केवळ शांत स्थितीतच विश्वासार्ह असते.

आता एका घरावरील मारामारीचा हिशेब प्रत्यक्ष कसा करतात, ते पाहू जाता फार गंमत वाटते. पटावरील मोहऱ्याच्या रक्षणासाठी दुसरा मोहरा सज्ज असला, तर पहिल्यास ‘जोर’ आहे असे खेळाडू म्हणतात. समजा, एका घरात काळ्याचा घोडा उभा आहे. त्याला काळ्याच्या एका प्याद्याचा आणि एका हत्तीचा जोर आहे. पांढऱ्याचा उंट आणि पांढऱ्याचा हत्ती, असे दोघे त्या घोड्यावर रोखलेले आहेत. चाल पांढऱ्याची आहे. त्याने घोडा मारावा काय?

पहिल्या दृष्टिक्षेपात उत्तर सोपे वाटते: घोडा मारला की तीन गुण मिळतात, म्हणून मारावा. पण हे अर्धवट उत्तर झाले. म्हणून दुसरा मनुष्य संपूर्ण मालिका मोजू लागतो. पांढऱ्याच्या उंटाने घोडा मारला; पांढऱ्याला तीन मिळाले. काळ्याच्या प्याद्याने उंट मारला. काळ्याला तीन मिळाले. पांढऱ्याच्या हत्तीने ते प्यादे मारले. पांढऱ्याला आणखी एक मिळाला. काळ्याच्या हत्तीने तो हत्ती मारला. काळ्याला आणखी पाच मिळाले. पांढऱ्याजवळ एकूण चार आणि काळ्याजवळ एकूण आठ. म्हणजे पांढऱ्याचा चाराचा तोटा! तेव्हा घोड्याला हात लावू नये, असे हा दुसरा मनुष्य म्हणेल.

परंतु तोही चुकला आहे. तिसऱ्या चालीत पांढऱ्याने हत्तीने प्यादे मारलेच पाहिजे, अशी सक्ती त्याच्यावर कोणी केलेली नाही. एका प्याद्यासाठी पाचाचा हत्ती जाणार हे दिसत असता शहाणा खेळाडू ते प्यादे मारणारच नाही. तो तेथेच थांबेल. म्हणून खरा हिशेब पुढून मागे न करता शेवटापासून आरंभाकडे करावा लागतो.

तो असा. चौथी चाल काळ्याची: तिच्यात त्याला पाच मिळतात आणि पुढे त्याला मारणारा कोणी नाही, म्हणून तिचे मोल पाच. तिसरी चाल पांढऱ्याची: तिच्यात एक मिळतो, पण पुढच्या चालीत पाच जातात, एकातून पाच वजा जाता चाराचा तोटा होतो. तोट्याची चाल करण्याचे बंधन नाही. म्हणून पांढरा थांबतो आणि तिचे मोल शून्य धरले जाते. दुसरी चाल काळ्याची: तिच्यात तीन मिळतात, आणि पांढरा पुढे काही मारणार नाही, म्हणून तिचे मोल तीन. पहिली चाल पांढऱ्याची: तिच्यात तीन मिळतात आणि पुढे तीन जातात, मोल शून्य. म्हणजे ना नफा ना तोटा. घोड्याच्या बदल्यात उंट, अशी बरोबरीची अदलाबदल होईल. पहिल्याचा तीनाचा नफा खोटा, दुसऱ्याचा चाराचा तोटाही खोटा. खरे उत्तर शून्य. प्रत्येक पायरीवर ‘मारावे’ आणि ‘थांबावे’ हे दोन्ही मार्ग मोकळे असतात, आणि त्यांपैकी जो हिताचा तोच प्रतिपक्षही निवडणार, हे गृहीत धरल्यामुळेच ते मिळाले.

या हिशेबात आणखी एक नियम पाळावा लागतो. मारावयाचे असेल, तर सर्वांत कमी मोलाचा मोहरा प्रथम पुढे करावा. वरच्याच उदाहरणात पांढऱ्याने उंटाऐवजी हत्तीने घोडा मारला असता, तर काय झाले असते? त्याला तीन मिळाले असते. पण काळ्याच्या प्याद्याने पाचाचा हत्ती टिपला असता. मागाहून उंटाने ते प्यादे मारावे, तर काळ्याचा हत्ती उंटास गिळणार. म्हणून पांढऱ्याला तेथेच थांबावे लागले असते, आणि दोनाचा तोटा पदरी आला असता. घर तेच, मोहरे तेच. केवळ क्रम बदलला आणि बरोबरीचे रूपांतर तोट्यात झाले. प्रतिपक्षाच्या हाती जाणार असेल ते शक्य तितके स्वस्त असावे, हे व्यवहारातील शहाणपण येथेही लागू पडते.

याहूनही सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे, आणि ती समजण्यासाठी कर्जतचे रेल्वे स्थानक उपयोगी पडते. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारा लोहमार्ग बोरघाट चढून जातो. हा मार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यावरील सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस एक फूट, असा आहे. एकट्या पुढच्या इंजिनाला हा चढ जड जातो. म्हणून अनेक गाड्यांना कर्जत येथे पाठीमागून आणखी इंजिने जोडण्यात येतात. ती गाडीला मागून रेटीत वर नेतात. गाडी समोरून येताना पाहणाऱ्यास केवळ पुढचे इंजिन दिसते. मागच्या इंजिनाचे बळ त्याच्या दृष्टीस पडत नाही. पण गाडी घाट चढते ती त्या बळामुळेच.

पटावरही असेच छुपे बळ असते. वरच्या उदाहरणात पांढऱ्याच्या हत्तीच्या बरोबर मागे, त्याच रांगेत, पांढऱ्याचा दुसरा हत्ती उभा आहे असे समजा. पुढचा हत्ती जागेवर असेपर्यंत मागच्याला त्या घरापर्यंत वाट नाही. म्हणून वरवर पाहणारा त्याची गणना करीत नाही. परंतु पुढचा हत्ती मारामारीत उतरला की वाट मोकळी होते, आणि मागचा हत्ती त्या घरावर जोर धरतो. आता हिशेब पुन्हा शेवटापासून करावा. पाचव्या चालीत मागचा हत्ती काळ्याचा हत्ती मारतो: मोल पाच. चौथ्या चालीत काळ्याला पाच मिळतात आणि पाच जातात: मोल शून्य. तिसऱ्या चालीत पांढऱ्याला प्याद्याचा एक मिळतो आणि पुढे काही जात नाही: मोल एक. दुसऱ्या चालीत काळ्याला तीन मिळतात आणि एक जातो: मोल दोन. पहिल्या चालीत पांढऱ्याला तीन मिळतात आणि दोन जातात: मोल एक. मागे उभ्या असलेल्या त्या एका हत्तीमुळे बरोबरीची अदलाबदल एका प्याद्याच्या नफ्याची झाली! म्हणून यंत्राला असे शिकविलेले असते की, एक मोहरा मारामारीत खर्ची पडला की त्याच्यामागच्या रेषेवर कोणी लपलेला आहे काय, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे.

हा हिशेब संगणक पट न हलविता, केवळ मोहऱ्यांच्या मूल्यांवरून करतो. त्यामुळे तो अतिशय जलद होतो. कोणत्या मारण्याच्या चाली प्रथम तपासाव्यात आणि उघड तोट्याच्या म्हणून कोणत्या बाजूस ठेवाव्यात, हे ठरविण्यास तो फार उपयोगी पडतो. पण त्याला मर्यादाही आहेत. तो केवळ एका घराकडे पाहतो. उरलेली त्रेसष्ट घरे त्याच्या दृष्टीआड असतात. समजा, घोड्याला जोर देणारे काळे प्यादे हलताच काळ्याच्या राजाला शह बसतो. मग ते प्यादे जागच्या जागी जखडलेले आहे. त्याचा जोर दिसतो तेवढा खरा नाही. किंवा काळ्याचा हत्ती एकाच वेळी दोन ठिकाणांची राखण करीत असेल. एकीकडे तो ओढला गेला की दुसरीकडचे रक्षण उघडे पडेल. किंवा मारामारीच्या मध्येच एखादा शह येऊन सारा क्रमच पालटेल. एका घराच्या वहीत या गोष्टींची नोंद होत नाही.

यासाठी संगणकाला दुसरी, अधिक विस्तृत रीत शिकवावी लागली. ठरावीक अंतरापर्यंत सर्व चाली पाहून झाल्या की, यंत्र लगेच बेरीज करीत नाही. तेथून पुढे ते साध्या चाली सोडून देते, आणि पटावर कोठेही होणाऱ्या मारामारीच्या चाली तेवढ्या प्रत्यक्ष खेळून पाहते. पट शांत होईपर्यंत हा शोध चालतो. या शोधातही थांबण्याचा अधिकार कायम असतो: प्रत्येक पायरीवर खेळणारी बाजू ‘आता मारणे नको, आहे ही स्थितीच बरी’ असे म्हणू शकते, आणि यंत्र त्या उत्तराचेही गुण मांडून पाहते. मात्र राजाला शह असेल, तर हा अधिकार राहत नाही. शह चुकविल्यावाचून गत्यंतर नसल्यामुळे तेथे सुटकेच्या सर्व चाली तपासाव्या लागतात. ज्याच्या राजावरच संकट आले आहे, त्याला स्वस्थ बसण्याची मोकळीक नसते.

इतकी सावधगिरी बाळगूनही यंत्र फसू शकते, हे अमेरिकेतील हान्स बर्लिनर या संशोधकाने १९७३ मध्ये दाखवून दिले. तो स्वतः उत्कृष्ट बुद्धिबळपटू होता. त्याला असे आढळले की, आपला हत्ती जाणार हे अटळ आहे असे दिसताच यंत्र मध्येच एखादे प्यादे निष्कारण बळी देते, मग दुसरे देते. का? तर प्रत्येक बळीमुळे ती मोठी हानी दोन चाली पुढे ढकलली जाते, आणि यंत्राच्या दृष्टीच्या सीमेपलीकडे जाते. जे दिसत नाही ते टळले, असे यंत्र मानते. प्रत्यक्षात हत्ती तर जातोच, शिवाय दोन प्यादीही जातात. बर्लिनरने या दोषाला ‘क्षितिजा’चे नाव दिले. देणे फेडावयाचे तर ते आजच फेडावे. ते लांबविण्यासाठी नवे कर्ज काढीत गेल्यास मूळ कर्ज तर राहतेच, वर व्याजाचा बोजा वाढतो. यंत्राचा हा दोष अनेक माणसांच्या व्यवहारातही आढळतो.

पुढील काळात यंत्रांचा वेग अफाट वाढला. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे ‘डीप ब्लू’ या संगणकाने तत्कालीन जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. ते यंत्र एका सेकंदात सुमारे वीस कोटी स्थिती तपासू शकत असे. तरीही शांत स्थितीपर्यंत मारामारी तपासण्याचे ट्युरिंग आणि शॅनन यांचे सूत्र त्याने सोडले नव्हते. २००८ मध्ये जन्मलेली ‘स्टॉकफिश’ ही आज्ञावली आज सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे, आणि साध्या भ्रमणध्वनीवर चालूनही ती कोणत्याही माणसाहून सरस खेळते. २०२० पासून स्थितीला गुण देण्याचे काम तिच्यातील एक कृत्रिम जाळे करते. लक्षावधी स्थितींच्या अभ्यासातून ते तयार केलेले असते. परंतु एका घरावरील मारामारीचा हिशेब करणारा छोटासा भाग तिच्यात अद्यापही आहे. साधने पालटली, वेग वाढला; पण हिशेब शांत स्थितीत करावा, हा नियम काही पालटला नाही.

आज जगातील सर्वच अव्वल खेळाडू आपले डाव संगणकाकडून तपासून घेतात. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची पिढी याच साधनांच्या सोबतीने वाढली. दिव्याने २०२५ च्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. पण पटासमोर बसल्यावर कोणत्याही खेळाडूच्या साहाय्यास यंत्र नसते. तेथे हा हिशेब त्याला स्वतःच्याच मनात करावा लागतो. माणूस सेकंदाला वीस कोटी स्थिती पाहू शकत नाही हे खरे. पण चार-पाच चालींची मालिका शेवटापासून मागे मोजणे शाळेतील मुलालाही साधते. त्यासाठी मोठी बुद्धी लागते असे नाही. समोरचा मोहरा दिसताच पुढे होणारा हात क्षणभर आवरता आला पाहिजे, एवढेच.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. मोहऱ्यांचा हिशेब म्हणजे सर्वस्व नव्हे. प्रसंगी उत्तम खेळाडू जाणूनबुजून वजीर देतो आणि चार चालींनंतर मात करतो. तेथे बेरजेत तोटा दिसत असूनही डाव त्याचाच असतो. पण असा त्यागही त्यालाच शोभतो, ज्याने त्यागानंतरच्या चाली अखेरपर्यंत मोजल्या आहेत. न मोजता दिलेला वजीर हा त्याग नसून केवळ गफलत होय. म्हणून मोहरा घ्यावयाचा असो वा द्यावयाचा असो, दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत: ही मालिका कोठे शांत होईल, आणि तीत थांबण्याची योग्य जागा कोणती? ही उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला हातातील मोहरा उचलण्यास कसलीच भीती नाही.